हाक एकाला, किंमत दोघांना

आजचं वचन: उत्पत्ति १२:१-५

देवाने अब्रामाला हाक मारली आणि तो निघाला. पण पाचव्या वचनात सारायही सोबत निघते. तिला कुणी विचारलं होतं का? वचन ते सांगत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची साक्ष आपण मंडळीत आदराने सांगतो. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला राहून सेवा केली. पण त्या एका दिवसाने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे दोघं एकत्र आली, तरी नवरा ख्रिस्ती म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या मनाला पटलं तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचं चुकलं, असं मी म्हणत नाही. हाक आली तर जावंच लागतं. पण देवाने मला हाक मारली म्हणून दुसऱ्याच्या वतीने ‘होय’ म्हणायचा हक्क मला मिळत नाही.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा ‘प्रभूने दार उघडलं’ अशी साक्ष मी दिली. रेणापूरच्या घरात आई एकटी राहिली, हे त्या साक्षीत आलंच नाही. आज तिला फोन करून विचारणार आहे, तुला कसं वाटलं होतं गं?

प्रार्थना: प्रभू, माझ्या आज्ञापालनाची किंमत ज्यांनी भरली, त्यांना मी विसरू नये. आमेन.