मथळ्याचे पाप कोणाच्या माथी?

शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकली की ताजीपेक्षा चविष्ट लागते. शिळ्या बातमीचंही तसंच आहे. भारतात तिची सोय भेळवाल्याकडे होती. भेळ संपत आली की कागदावर 'सरकार आज पडणार?' असा मथळा दिसायचा, आणि ते सरकार मजेत पाच वर्षं पूर्ण करून गेलेलं असायचं. इथे अमेरिकेत कागद रिसायकलिंगच्या डब्यात जातो. त्याला पुनर्जन्म मिळतो, पण पूर्वजन्मीचं पाप आठवत नाही. तेव्हा चला, आज आपणच थोडी रद्दी चाळू या.

पहिला मान 'शिकागो ट्रिब्यून'चा. ३ नोव्हेंबर १९४८च्या अंकात भल्यामोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'ड्युईंकडून ट्रुमन पराभूत'. झालं असं, की जुळाऱ्यांचा संप चालू होता, त्यामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छापायला द्यावा लागे. मतमोजणी चालूच होती, पण ड्युई जिंकणार हे सगळ्या शहाण्या माणसांना माहीत होतं. दीड लाखाच्या आसपास प्रती निघाल्या. निकाल लागला तो ट्रुमन ३०३, ड्युई १८९! दुसऱ्या दिवशी सेंट लुईस स्टेशनवर आगगाडीच्या मागच्या सज्ज्यात उभं राहून ट्रुमननी तो अंक उंच धरला आणि तोंडभर हसले. तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. पैज बिनलग्नाच्या नवरीची वरात काढण्याची होती, पण वरातीत हसू झालं ते फक्त वरात काढणाऱ्याचं. म्हणून आपणही मोकळेपणाने हसतो.

आता दुसरा कागद. १५ एप्रिल १९१२. बाल्टिमोरच्या 'इव्हनिंग सन'चा मथळा, 'टायटॅनिकचे सर्व प्रवासी सुखरूप'. वायरलेसवरून आलेले अर्धेमुर्धे निरोप एकमेकांत मिसळले, आणि संपादकांनी त्यातला सगळ्यांना हवासा अर्थ काढला. प्रत्यक्षात १,५०० हून अधिक माणसं बुडाली होती. घाई तीच, चूक तशीच, हेतू तर उलट चांगलाच. तरी इथे हसू येत नाही, कारण हा मथळा वाचून कुणाच्या तरी घरात देवापुढे साखर ठेवली गेली असेल.

मग प्रश्न असा, की चुकीचं माप कशाने घ्यायचं? हेतूने की परिणामाने?

हेतूचंच म्हणाल तर 'न्यूयॉर्क टाइम्स'चं उदाहरण घ्या. पोकळीत रॉकेट चालू शकतं असं रॉबर्ट गोडार्ड म्हणत होते. १३ जानेवारी १९२० रोजी टाइम्सने अग्रलेखातल्या शेऱ्यात त्यांची टर उडवली. शाळेतल्या पोराला कळतं तेवढंही या प्राध्यापकाला कळत नाही, असा एकूण सूर. गोडार्डनी १९२६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न इथे द्रव इंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं आणि १९४५ साली ते वारले. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यावर, १७ जुलै १९६९ रोजी, टाइम्सने चूक दुरुस्त केली आणि खेद व्यक्त केला. म्हणजे ४९ वर्षांनी! खेद छान शब्दांत होता, पण ज्याला तो सांगायचा त्याला जाऊन २४ वर्षं झाली होती. श्राद्धाच्या पानावर वाढलेली पुरणपोळीच ती.

काही मथळे खोटे नसतात, नुसते आखूड असतात. ऑक्टोबर १९७५मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. शहराला वाचवण्यासाठी केंद्राची हमी देणारं विधेयक आलं तर आपण नकाराधिकार वापरू, असं अध्यक्ष फोर्ड भाषणात म्हणाले. ३० तारखेच्या 'डेली न्यूज'ने त्याचा अर्थ काढला, 'फोर्डचं शहराला उत्तर: मरा तिकडे'. हे शब्द फोर्डनी उच्चारले नव्हते. दोन महिन्यांच्या आत त्यांनीच शहराला कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली. पण ती कुणाच्या लक्षात आहे? १९७६ला न्यूयॉर्क राज्य कार्टरकडे गेलं. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही आख्यायिका आपण शाळेत ऐकली. त्यासाठी निदान एक अक्षर बदलावं लागलं होतं. मथळेवाल्याला तेवढेही कष्ट नाहीत. तो नुसती काटछाट करतो.

एवढं वाचून 'हे अमेरिकन पेपर असेच!' म्हणणार असाल तर थोडं थांबा. आपल्या माळ्यावरही रद्दी आहे. १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय, त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा संशय तेव्हा होता. तसं दाखवणारी पत्रं हाती आली आणि या पत्रांनी बर्व्यांवर जाहीर आरोप केले. कोर्टात पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांचा सत्कार केला.

गोष्ट इथे संपत नाही. १८८३च्या डिसेंबरात ते छत्रपती अहमदनगरला एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर गेले. म्हणजे पत्रं खोटी होती, पण काळजी खोटी नव्हती. मग संपादकांना माफ करायचं? मला वाटतं, काळजीबद्दल त्यांचा मान ठेवावा, पण पत्रांबद्दल माफी देण्याचा अधिकार आपला नाही, तो बर्व्यांचा. सत्काराचे हार आपल्याला आठवतात. बर्व्यांचं पुढे काय झालं, हे तुमच्यापैकी किती जणांनी कधी विचारलं? खऱ्या काळजीपोटी दुसऱ्याच्या अब्रूवर कर्ज काढता येत नाही.

आता आपल्या काळात या. तुमच्या-आमच्या खिशात एकेक छापखाना आहे आणि संपादक आपणच. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. घटस्थापना तीन दिवसांवर. एच-वन-बीवर एक लाख डॉलरचं शुल्क लागणार असं जाहीर झालं, आणि ते दरवर्षी भरावं लागेल असं खुद्द वाणिज्यमंत्री म्हणाले. मोठ्या कंपन्यांनी परदेशात गेलेल्यांना रविवारच्या आत परतायला सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोला माणसं सुटायच्या बेतातल्या विमानातून उतरली. आपल्या गटांमध्ये मथळे धो-धो वाहिले. शनिवारी खुलासा आला, की शुल्क एकदाच आणि फक्त नव्या अर्जांना. तोवर तिकिटांचे पैसे गेले होते आणि आईवडिलांच्या भेटी अर्ध्यावर तुटल्या होत्या.

इथे पाप कोणाचं? 'खात्री झाल्याशिवाय पुढे पाठवू नका' हा उपदेश सोपा आहे, पण त्या रात्री तो पाळून चाललं नसतं. बातमी जबाबदार तोंडातून आली होती आणि मुदत काही तासांची होती. खरी निघाली असती, तर गप्प बसणारा शहाणा नव्हे, निष्ठुर ठरला असता. मायेपोटी केलेल्या घाईला मी पाप म्हणणार नाही.

पण दुसऱ्या दिवशीचं काय? पहिला मथळा ज्याने पाच गटांत टाकला, त्याने खुलासा किती गटांत टाकला? मला वाटतं खरी परीक्षा तिथे आहे. चूक होणं बरेचदा आपल्या हातात नसतं. दुरुस्ती मात्र असते, आणि ती त्याच वाटेने, त्याच वेगाने, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत गेली पाहिजे. टाइम्सला ४९ वर्षं लागली. आपल्याला अंगठा हलवायला दोन सेकंद पुरतात, तरी आपण हलवत नाही, कारण भीती वाटायला उत्साह असतो आणि खुलाशाला कुणी अंगठा दाखवत नाही.

तेव्हा वाचकहो, आज रात्री एवढंच करा. फोन उघडून गेल्या महिन्यात तुम्ही पुढे पाठवलेले पाच मथळे पुन्हा वाचा. बहुतेक वेळा हसू येईल. एखाद्यावर आलं नाही, तर ज्या गटात भीती वाटली होती, त्याच गटात दिलासाही वाटा.