एका सुईवर की सगळ्यांवर?

आज गीतेच्या सोळाव्या अध्यायातला दुसरा श्लोक वाचला आणि एका शब्दापाशी अडले: अपैशुन. दुसऱ्याचे दोष चघळत न बसणं.

आमच्याकडे 15 सुयांचं एम्ब्रॉयडरी मशीन आहे. परवा त्यावर टाकाच पडेना. सुई खाली जाऊन जराशी वर येते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा छोटा लूप होतो. फिरत्या हुकाचं टोक तो पकडून बॉबिनभोवती नेतं. तो लूपच निसटत होता. मी हेल्पर पोराला सगळ्यांसमोर झापलं, "सुई वाकडी बसवलीस!"

मेकॅनिककाकांनी विचारलं, "एका सुईवर सुटतंय की सगळ्यांवर?"

बघितलं, तर सगळ्यांवर.

"मग सुईला कशाला बोल लावता, ताई? सुया पंधरा, पण खाली हुक एकच. त्याचं टायमिंग हललंय."

आदल्या दिवशी दोऱ्याचा गुंता अडकला होता, तेव्हा मशीन जोर लावून मीच फिरवलं होतं.

रात्री झोप येईना. वहिनीशी माझं पटत नाही, मैत्रिणीशी अबोला, आईशी रोजची खटखट. प्रत्येकीबद्दल माझी तक्रार वेगळी. पण या सगळ्यांत सामाईक कोण? मीच ना!

कधी खरंच एखादी सुई वाकडी असते. तेव्हा ती बदलावीच. अपैशुन म्हणजे डोळेझाक नव्हे. पण आधी तपासायला नको का?

सकाळी त्या पोराची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर.

आजचा संकल्प: कुणाकडे बोट दाखवण्याआधी स्वतःला काकांचा प्रश्न विचारायचा. श्रीकृष्णार्पणमस्तु.