नावाचा रकाना

गेल्या हिवाळ्यात अंजनगाव सुर्जीस एका स्नेह्यांच्या ओसरीवर, गावात छोटेखानी का होईना पण एखादे वस्तुसंग्रहालय उभे राहावे, याविषयी चार मंडळींत खल चालला होता. जुनी नाणी, गंजलेल्या तलवारी, मोडी दफ्तरांचे रुमाल, इनामाच्या सनदा अशी यादी वाढत होती, आणि बायकांच्या हातच्या वस्तूंसाठी त्यात एक स्वतंत्र दालन असावे असे मी सुचवताच एक वयोवृद्ध गुरुजी, ज्यांच्या इतिहासप्रेमाविषयी मला नितांत आदर आहे, सहज बोलून गेले, "बायायचं काय ठेवाचं बाप्पा त्याच्यात? टिकते का काही थे?" त्यांच्या स्वरात तुच्छतेचा लवलेशही नव्हता. रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, गोधडी वापरून विरते, भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती कोजागरीनंतर पाण्यात जातात, हे ते केवळ वस्तुस्थिती म्हणून सांगत होते. आणि एका प्रामाणिक माणसाने निर्मळ मनाने काढलेला उद्गार होता म्हणूनच तो माझ्या मनात सलत राहिला.

आमची संग्रहालये राजांची आणि सरदारांची आहेत, चित्रांत आणि शिल्पांत स्त्री पदोपदी भेटते पण ती घडवणारी म्हणून क्वचितच भेटते, ही तक्रार वाचकांना परिचित आहे आणि तिची उजळणी करण्याची मला गरज वाटत नाही. गुरुजींचा आक्षेप तिच्याहून अवघड आहे. इतिहास हा जे उरले त्यावरूनच लिहावा लागतो, उरणे हा दगडाचा आणि तांब्याचा गुणधर्म आहे, तो कापडाला आणि मातीला नाही, तेव्हा येथे पक्षपात करणारा कोणी नाहीच, असे त्यांचे म्हणणे. ते वरवर बिनतोड दिसते. परंतु मागे राहिलेल्या वस्तूंत माझ्या मते दोन जाती आहेत : काही वस्तू आपल्या द्रव्याच्या बळावर उरतात, आणि काही कोणीतरी त्या राखल्या म्हणून उरतात, आणि आपण ज्याला वारसा म्हणतो त्याचा फार मोठा भाग दुसऱ्या जातीचा आहे.

खुद्द अंजनगावचेच उदाहरण घ्या. आडगावची लढाई, गाविलगडाचा पाडाव आणि त्यानंतर ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामध्ये झालेला तह, एवढ्यासाठी या गावाचे नाव हिंदुस्थानच्या प्रत्येक इतिहासात येते. तो तहनामा म्हणजे अखेर कागद. कागदाला वाळवी लागते, ओल लागते, आग लागते. कापडाहून तो काही अधिक चिवट नाही. त्याच्या प्रती झाल्या, तो दफ्तरात जपला गेला, पुढे छापला गेला, म्हणून तो आज आपल्यापुढे आहे. ज्याच्यामागे राज्यसत्ता पहारेकरी म्हणून उभी राहते तो कागदही दोनशे वर्षे जगतो.

याच्या उलट दाखला आपल्या गावोगावच्या सतीशिळांचा. मारुतीच्या पाराशी किंवा वेशीबाहेर शेंदूर फासलेला एखादा दगड असतो. त्यावर खांबातून फुटल्यासारखा, कोपरात दुमडून वर उचललेला एक हात कोरलेला, मनगटात बांगड्या भरलेल्या, वर एका बाजूस सूर्य आणि दुसऱ्या बाजूस चंद्र. द्रव्य काळाला न जुमानणारे, चंद्रसूर्य असेतोवर ही स्मृती राहो अशी ग्वाही त्याच दगडावर खोदलेली, आणि तरी ती बाई कोण, कोणाची लेक, तिचे नाव काय, हे बहुतेक शिळांवर लिहिलेले नाही. सौभाग्य तेवढे कोरले गेले. दगड असूनही ती स्त्री राहिली नाही. तेव्हा न राहण्याचा दोष कापडामातीच्या माथी मारता येत नाही.

आणि मग याच अमरावती जिल्ह्यातील, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचा ताम्रपट माझ्यापुढे येतो. तो प्रभावतीगुप्तेचा आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या वाकाटक घराण्यात आली, पती दुसरा रुद्रसेन निवर्तल्यावर तिने मुले लहान असता राज्याचा भार वाहिला, आणि पुण्यास एका तांबटाकडे मिळालेल्या तिच्या दुसऱ्या ताम्रपटावरच्या मुद्रेत ते शासन युवराजाच्या जननीचे आहे असे स्पष्ट कोरलेले आहे. विलक्षण गोष्ट अशी की त्या पटात ती वंशावळ सांगते ती सासरची नव्हे तर माहेरच्या गुप्तांची. गोत्र सांगते ते पतीचे विष्णुवृद्ध गोत्र नव्हे, माहेरचे धारण गोत्र. आणि आपली आई कुबेरनागा ही नागकुळातली होती हेही आवर्जून नमूद करते. पाचव्या शतकातील एक विधवा राणी आपण कोण हे स्वतःच्या मुखाने सांगते आहे, तेही तांब्यावर, तेही सरकारी शासनपत्रात. गुरुजींच्या निकषाला याहून टिकाऊ पुरावा कोणता हवा? आणि तरीसुद्धा तिच्या कारकिर्दीचे श्रेय अनेक इतिहासकारांनी तिच्या पित्याच्या मुत्सद्देगिरीला दिले, आणि वऱ्हाडातल्या शाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्या किती मुलींना तिचे नाव ठाऊक असते, हे आपल्या घरातच विचारून पाहावे.

येथे थोडे आडवाटेला जाण्याची मुभा मी घेतो, कारण प्रभावतीगुप्तेच्या नावासोबत रामटेकचा विषय निघतोच, आणि तो निघाला की मला राहवत नाही. म. म. वा. वि. मिराशी यांनी कालिदासाचा रामगिरी म्हणजे रामटेक हे मत मोठ्या व्यासंगाने मांडले आणि विदर्भाने ते इतक्या प्रेमाने स्वीकारले की त्या टेकडीवर कालिदासाचे स्मारक झाले आणि त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ रामटेकास आले. याचा मला आनंदच आहे. कवीची पूजा करणारा प्रांत भाग्यवान. परंतु रिद्धपूरचा ताम्रपट प्रभावतीगुप्तेने रामगिरीस्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे, म्हणजे या टेकडीशी तिचा संबंध कोरीव पुराव्याने सिद्ध आहे, तर मेघदूतातल्या यक्षाचा संबंध काव्यातला आहे. विरही यक्षासाठी आम्ही जागा केली, आणि जी हाडामांसाची स्त्री त्या देवाच्या पायांशी बसून राज्य चालवीत होती तिच्यासाठी यात्रेकरूंच्या मनात अद्याप जागा झालेली नाही. मिराशींचा यात दोष नाही; वाकाटकांचे लेख अत्यंत परिश्रमाने संपादून त्यांनीच तिला अभ्यासकांपुढे आणले. तिला पुढे लोकांपर्यंत न्यायचे काम आमचे होते.

रिद्धपूरचीच दुसरी साक्ष याच्या अगदी उलट आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हा महदंबेने धवळे गायिले. लग्नात म्हटलेले गाणे, हवेत विरून जाणारे, याहून नाशिवंत काय असू शकते? पण महानुभावांना ते मोलाचे वाटले, त्यांनी ते स्मरणात धरले, लिहिले, पुढे सांकेतिक लिपीच्या कुलुपात शतकानुशतके सांभाळले, आणि मराठीची आद्य कवयित्री आपल्या हाती लागली. तांब्यावरची राणी विस्मृतीत आणि ओठांवरची कवयित्री स्मृतीत, हे एकाच गावचे दोन दाखले राखणाऱ्याच्या इच्छेची किंमत पुरेशी सांगतात.

मी हे सर्व गुरुजींपुढे पुन्हा एकदा मांडले, तेव्हा त्यांनी जो जबाब दिला त्याने मात्र मला थांबवले. ते म्हणाले, अजिंठ्याच्या चित्रकारांची तरी नावे कुठे आहेत? हेमाडपंती देवळाचा दगड घडवणारा पाथरवट पुरुषच होता ना, मग त्याचे नाव कोणी लिहिले? अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात नाव आहे ते वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याचे, ज्याने ते लेणे दान दिले. भिंतीवर हात चालवणाऱ्याचे नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि तो खरा मानल्यावर माझ्या विचाराची दिशाच बदलली. तोवर मी कज्जा स्त्री विरुद्ध पुरुष असा धरला होता. परंतु नाव कोणाचे राहते याचा जुना हिशेब काढला तर उत्तर एकच येते : ज्याच्यापाशी देण्यासारखी मालमत्ता होती त्याचे. आणि हा नियम स्त्रियांनाही तंतोतंत लागू पडतो. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचे नाव आहे, कारण तिने लेणे दिले. नहपानाची कन्या दक्षमित्रा हिचे आहे, कारण तिने भिक्षूंसाठी ओवरी दिली. नाणेघाटात नागनिका आहे, कारण यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचा जमाखर्च तिथे कोरलेला आहे. अंजनगावचा तह ज्यांच्या वतीने झाला त्या दौलतरावांच्या मागे त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. १८२८ साली काशीस ज्ञानवापीभोवती त्यांनी बांधवलेला मंडप त्यांच्या नावाने ओळखला जातो, कारण खजिन्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. प्रभावतीगुप्तेने रिद्धपूरच्या पटात शेत दिले, घर दिले, आणि त्यासोबत कर्षकांच्या चार झोपड्या दिल्या. दात्रीचे नाव आहे, प्रतिग्रह घेणाऱ्यांचा उल्लेख आहे. त्या चार झोपड्यांत राहून नांगर धरणाऱ्यांचे आणि त्यांच्या बायकांचे नाही.

म्हणजे आपण ज्याला वारशाची नोंद म्हणतो ती मुळात मालमत्तेची नोंद आहे. स्त्री तिच्यातून गळाली याचे कारण तिच्या हाताला कला नव्हती किंवा तिची कला कच्च्या द्रव्याची होती हे नसून, सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते हे आहे. जमीन दान द्यायची तर ती आधी आपली असावी लागते. १९५६ चा वारसा कायदा, त्यात २००५ साली मुलींना मिळालेला बरोबरीचा हिस्सा, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ज्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कास्तकारांना आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायला लावले ती मोहीम, या गोष्टींचा संग्रहालयाशी काही संबंध असेल असे मला पूर्वी कधी वाटले नव्हते. आज मी त्या कलेच्या इतिहासाच्याच घटना मानतो. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव आवश्यक केले. कुबेरनागेचे नाव तांब्यावर घालणाऱ्या प्रभावतीगुप्तेचा पायंडा एवढ्या दीर्घ काळानंतर दफ्तरात आला.

यावरून, ज्या स्वतंत्र स्त्री-दालनाची मागणी करून मी वादाला तोंड फोडले, त्याचा आग्रह आता मी धरीत नाही. पुण्याचे दिनकर केळकर संग्रहालय हे रोजच्या जगण्यातल्या वस्तूंचे महाराष्ट्रातले सर्वांत जिव्हाळ्याचे संग्रहालय आहे. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकाची भांडी, म्हणजे ज्या वस्तूंवरून स्त्रियांचे हात रात्रंदिवस फिरले त्याच, दिनकर केळकरांनी कमलाबाईंच्या साथीने आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावे त्यांचे स्मारक केले. पण जुन्या बाजारातून वस्तू येते तेव्हा ती आपल्या धनिणीला मागेच टाकून आलेली असते. वज्री किती नाजूक घडवली आहे हे कळते, तिने कोणाच्या टाचा घासल्या हे सांगायला कोणी उरलेले नसते. दालन कितीही मोठे बांधले तरी नोंदवहीत नावाचा रकाना रिकामा राहील, तर ते दालन सतीशिळांचेच होईल : बांगड्या दिसतील, बाई दिसणार नाही.

सगळेच जपले पाहिजे असेही मला वाटत नाही. भुलाबाईची मूर्ती भाद्रपदी पौर्णिमेला मांडायची आणि महिनाभर पोरींनी तिच्यापुढे टिपऱ्या घुमवायच्या, खाऊ ओळखायचा, आणि मग तिला पाण्यात सोडायचे, हा तिचा धर्म आहे. तिला काचेच्या पेटीत बसवणे म्हणजे तिचे व्रत मोडणे होय. रांगोळी उद्या पुन्हा निघावी म्हणून आज पुसली जावी. जे पुसण्यासाठीच केले त्याची वस्तू राखण्याची गरज नाही. ते कोणाकडून कोणी शिकले, कोणाच्या हाताला कोणते वळण होते, एवढे राखावे.

गोधडीची गोष्ट तशी नाही. आमच्या घरात एक आहे. तिचा वरचा थर दोन लुगड्यांचा, आत विरलेल्या धोतरांचे पदर. धावदोरा कडेपासून निघून चौकोनाच्या आत चौकोन घेत मध्यापर्यंत वळत येतो, आणि डाव्या कोपऱ्यात जेथे कापड आधी फाटले तेथे किरमिजी खणाचे एक थिगळ आहे. टाके एका बाजूला बारीक आणि दाट, दुसऱ्या बाजूला लांब आणि किंचित तिरके पडले आहेत, कारण सासू-सून दोघी समोरासमोर बसून शिवत होत्या आणि सासूची नजर तोवर मंद झाली होती. हे मला आईने सांगितले. हिरव्या काठाचे लुगडे कोणत्या मुलीच्या लग्नातले, खण कोणाच्या ओटीतला, हे ती एखादा दस्तऐवज वाचावा तशी बोट ठेवून वाचते. त्या गोधडीवर यातले एक अक्षर लिहिलेले नाही. आईच्या मागे ती कोणत्याही संग्रहालयात गेली, तर कार्डावर 'गोधडी, सुती, वऱ्हाड, विसावे शतक' एवढेच येईल, आणि ते चूक नसेल.

गुरुजींचे संग्रहालय व्हावे, आणि त्यात तहाच्या हकिकतीला मानाची जागा मिळावी, हे मी त्यांना मनापासून सांगितले आहे. माझी मागणी आता एका रकान्यापुरती आहे : प्रत्येक वस्तूपुढे द्रव्य, काळ आणि मालक लिहिल्यावर ती कोणी घडवली, कोणी वापरली आणि ही माहिती कोणी सांगितली, हे लिहायला जागा सोडावी, आणि ती स्त्री असो की पाथरवट असो, नाव मिळेल तेथे पूर्ण नाव लिहावे. अंजनगाव-सुर्जीतल्या, दर्यापूर-अकोटाकडच्या ज्या कोणापर्यंत हे पोचेल त्यांना माझी विनंती आहे की त्यासाठी संग्रहालयाची वाट पाहू नये. घरातली म्हातारी बाई अजून बोलती आहे तोवर तिच्यापाशी वही घेऊन बसावे; गोधडी कोणत्या लुगड्यांची, कोणी शिवली, कोणत्या साली, भुलाबाईची गाणी तिने कोणाच्या अंगणात शिकली, हे तिच्या शब्दांत उतरून घ्यावे, आणि पानाच्या शेवटी तिचे नाव तिच्या आईच्या नावासह घालावे.