एका भाकरीचे भागीदार

प्रभुभोजनाचा आध्यात्मिक अर्थ कोणता, असे विचारले असता बहुतेक श्रद्धाळू ख्रिस्ती मनुष्य असे सांगेल की, भाकर व द्राक्षारस यांच्या द्वारे ख्रिस्त माझ्या अंतःकरणात येतो, माझ्या पापांची क्षमा होते आणि माझ्या आत्म्याला पुष्टी मिळते. हे उत्तर खोटे नाही. शतकानुशतके असंख्य भक्तांनी याच भावनेने ही भाकर हाती घेतली आहे, आणि त्यांच्या अनुभवाविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु या उत्तरात मी आणि माझा प्रभू असे दोघेच आहेत; शेजारी गुडघे टेकलेला तिसरा मनुष्य त्यात कोठेच आढळत नाही. तो वगळला की या विधीचा प्राणच जातो असे माझे मत आहे, आणि ते मी प्रभुभोजनाविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी दाखल्याच्या आधारे मांडीत आहे.

हा दाखला पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला. ते पत्र इ.स. 55 च्या सुमारास इफिसाहून धाडले गेले, म्हणजे चारी शुभवर्तमाने आज आपल्याला ज्या रूपात मिळतात त्या रूपात लिहिली जाण्यापूर्वी. पौल तेथे प्रभुभोजनावर प्रवचन करावयास बसलेला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे; एक कज्जा त्याच्या कानावर आला आहे आणि त्याचा तो निवाडा करीत आहे.

करिंथ हे इ.स.पूर्व 146 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेले आणि इ.स.पूर्व 44 मध्ये जूलियस सीझरने पुन्हा वसविलेले नगर; लेखियम व किंख्रिया या दोन बंदरांमुळे पूर्व आणि पश्चिम येथला माल तेथे येई, आणि दास्यातून मुक्त झालेली माणसे व त्यांचे वंशज तेथे धन मिळवून प्रतिष्ठेच्या मागे लागलेले असत. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या तयार करण्याचा धंदा करीत पौल या नगरात दीड वर्ष राहिला होता, त्यामुळे तेथील माणसांची नाडी त्याला ठाऊक होती. मंडळीत कुलीन थोडे, कष्टकरी फार. स्वतंत्र देवळे त्या काळी नव्हती; कोणा सधन बांधवाच्या घरी सारे जमत, भोजन करीत आणि त्या भोजनातच प्रभूच्या मरणाचे स्मरण होई. रोमन घरातील भोजनगृहात रिवाजाप्रमाणे तीन आसने मांडीत व त्यांवर नऊ जण रेलून बसत. बाकीच्यांना बाहेरच्या चौकावाचून दुसरी जागा नसावी. यजमानाच्या बरोबरीचे लोक वेळेवर येऊन आपले अन्न खाऊन, द्राक्षारस पिऊन तृप्त होत. आणि ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा, ते मजूर व दास दिवेलागणीनंतर येत तेव्हा त्यांच्या वाट्याला रिकामी भांडी उरत असावीत. एक उपाशी आणि एक धुंद, अशी त्या सभेची अवस्था पौलाने स्वतःच नमूद केली आहे.

यावर पौलाचा निकाल असा की, हे जे तुम्ही खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. या निकालाची तीव्रता आपल्या लक्षात यावी. विधीत उणे काही नव्हते. भाकर होती, प्याला होता, प्रार्थना होत असेल, प्रभूचे शब्दही उच्चारले जात असतील. तरीही जेथे निर्धनाला लाजविले जाते तेथे प्रभूचे भोजन घडलेच नाही, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो. प्रभूचे शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असा इशाराही तो देतो. येथे शरीर म्हणजे वेदीवरची भाकर, की पुढच्याच अध्यायात ज्या मंडळीला तो ख्रिस्ताचे शरीर म्हणतो ती मंडळी, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहे. मला वाटते, पौलाच्या मनात हे दोन अर्थ अलग नव्हतेच. भाकर एक म्हणून खाणारे पुष्कळ असूनही एक शरीर, हे त्याने आधीच्या अध्यायात सांगून ठेवले होते, तेव्हा चौकातल्या भुकेल्या दासाला ज्याने ओळखले नाही त्याने भाकरीतल्या ख्रिस्तालाही ओळखले नाही, हाच त्याचा सरळ अभिप्राय दिसतो.

स्मरण या गोष्टीचेही असेच आहे. येशूने ते अंतिम भोजन वल्हांडणाच्या सणात केले, आणि वल्हांडणाच्या रात्री यहुदी कुटुंब मिसर देशातील दास्यमुक्तीची केवळ कथा ऐकत नाही. आपण स्वतःच त्या रात्री बाहेर पडलो असे प्रत्येक पिढीने मानावे, अशी त्यांची शिकवण आहे. प्रभुभोजनातील स्मरण या जातीचे आहे. भाकर मोडली जाते तेव्हा भक्त त्या माडीवरच्या खोलीत बसलेला असतो, आणि त्या खोलीत कोण कोण होते हे आठवले म्हणजे अंगावर काटा येतो. पहाटेपूर्वी तीनदा नाकारणारा पेत्र तेथे होता. आणि लूकाच्या वृत्तांताप्रमाणे भाकर व प्याला देऊन झाल्यावरही विश्वासघात करणाऱ्याचा हात मेजावरच होता. योहान तर आपल्या शुभवर्तमानात भाकर-प्याल्याच्या स्थापनेचे वर्णनच देत नाही. त्या जागी गुरू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. म्हणून, मी पापी आहे, मी पात्र नाही, असे म्हणून जे भाविक या मेजापासून दूर राहतात त्यांना मला कळकळीने सांगावेसे वाटते की, पात्रतेची जी कसोटी तुम्ही लावता ती प्रभूने त्या रात्री लावली नव्हती. पौलाने आत्मपरीक्षण करावयास सांगितले ते खरे, पण परीक्षण करून मग खावे असे सांगितले. आणि त्या परीक्षणाचा विषय त्या ठिकाणी आपण शेजाऱ्याला कसे वागविले हाच होता.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोम येथे जस्टिन याने सम्राटाला उद्देशून आपल्या धर्माचे जे समर्थन लिहिले, त्यात रविवारच्या सभेचे वर्णन आहे: जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकरीचा वाटा घेऊन जात, आणि याच सभेत जमलेल्या वर्गणीतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांचा परामर्श घेतला जाई. उपासना आणि अन्नदान यांत भिंत नव्हती.

पुढील इतिहासात चर्चा दुसऱ्याच प्रश्नावर केंद्रित झाली. 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने भाकर व द्राक्षारस यांचे तत्त्व पालटते हा सिद्धांत मुकरर केला. 1529 मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले, चौदा कलमांवर त्यांचे ऐक्य झाले आणि पंधराव्या कलमातील या एका मुद्द्यावर ते फुटले. भाकरीचे काय होते हा प्रश्न क्षुद्र आहे असे मी म्हणत नाही. ख्रिस्त तेथे खरोखर उपस्थित आहे या श्रद्धेवाचून हे भोजन म्हणजे नुसती रूढी होईल. परंतु ऐक्याच्या मेजावरूनच बंधू विभक्त व्हावेत, हे दुःख आजही कमी झालेले नाही.

आपल्या देशात करिंथचा कज्जा जातीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. तमिळ प्रांतातील जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांत वरिष्ठ जातींचे लोक वेगळे बसत आणि प्याला आधी घेत. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद तत्काळ व कायमचा बंद करण्याचा हुकूम काढला तेव्हा वेपेरी व तंजावर येथील पुष्कळ लोकांनी मंडळी सोडणे पत्करले. ख्रिस्ताचे रक्त मानून ज्या प्याल्याला ओठ लावावयाचे तो दुसऱ्याने आधी ओठ लावला म्हणून विटाळला, असे मानणारा मनुष्य काय प्राशन करीत होता, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. पंक्तिभेद ज्याने पाहिला आहे त्या महाराष्ट्रीय वाचकाला याचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. 1895 मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रां'त आपल्या मनातील सोवळ्याओवळ्याची कल्पना कशी गळून पडली ते लिहून ठेवले आहे; आणि माझ्या दृष्टीने ते निवेदन प्रभुभोजनावरील कित्येक पांडित्यपूर्ण ग्रंथांहून मोलाचे आहे, कारण कोणाच्याही हातचे खाण्याची सिद्धता हीच तेथे श्रद्धेची खूण ठरली.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बाप्तिस्त, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी अशा सहा परंपरांनी एकत्र येऊन उत्तर भारताची एक मंडळी स्थापन केली, तेव्हा त्या सहांची मेजे एक झाली. रोमन कॅथलिक बांधव आणि आम्ही मात्र एकाच गावात, एकाच रविवारी, वेगवेगळ्या वेदींपुढे त्याच प्रभूच्या त्याच रात्रीचे स्मरण करतो. त्याला सबळ कारणे दिली जातात. ती मी वाचली आहेत, त्यांचा आदरही करतो, पण करिंथकरांस धाडलेल्या पत्राचा अकरावा अध्याय पुन्हा उघडला की त्या कारणांनी माझे समाधान होत नाही.