झूल कुणाच्या थंडीसाठी?

वसंत ऋतू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आंब्याचा मोहोर, फुललेला पळस आणि वज्रेश्वरीच्या यात्रेची गर्दी उभी राहते. चैत्र अमावास्येच्या सुमारास ही यात्रा भरते तेव्हा तानसा नदीच्या काठी ऊन रणरणत असते. अशा वसंतात कोणी ‘घोड्याला थंडी वाजत असेल का?’ असे विचारले, तर आपण हसू. परंतु वसंत सर्वत्र सारखा नसतो. आयर्लंड-इंग्लंडकडे मार्च-एप्रिल म्हणजे बोचरा वारा, रिपरिप पाऊस आणि मधूनच डोकावणारे फिकट ऊन. तेथे घोडे पाळणाऱ्यांना या दिवसांत रोज संध्याकाळी एक निर्णय घ्यावा लागतो : रात्रभर कुरणात राहणाऱ्या घोड्याच्या पाठीवर झूल घालावी, की त्याला तसेच सोडावे? नोकरीनिमित्त त्या देशांत गेलेल्या आपल्या मुलामुलींना कुंपणापलीकडे झूल पांघरलेले घोडे दिसत असतील, आणि त्यांच्याच शेजारी उघड्या पाठीने चरणारेही.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. जो बोलू शकत नाही त्याच्यावर दया करताना आपण नेमके कोणाकडे पाहत असतो, त्याच्याकडे की स्वतःकडे?

उत्तर शोधण्यापूर्वी थंडी म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे, आणि त्यासाठी वज्रेश्वरीहून दूर जाण्याचे कारण नाही. पौषातल्या पहाटे अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडातून बाहेर आलेला मनुष्य ओल्या कपड्यांनिशी काठावर उभा राहिला की त्याचे दात वाजू लागतात. त्याच्या शेजारी कोरड्या कपड्यांत आपली पाळी येण्याची वाट पाहणारा दुसरा मात्र निवांत असतो. हवा दोघांनाही तीच आहे. फरक ओलाव्याचा आणि वाऱ्याचा आहे. अंगावरचे पाणी वाऱ्याने सुकताना शरीराची ऊब आपल्याबरोबर घेऊन जाते, आणि भिजलेले वस्त्र अंगाला चिकटून ही हानी वाढवीत राहते. म्हणजे वस्त्र नेहमीच ऊब देते असे नाही. ओले वस्त्र ती हिरावूनही घेते.

घोड्याची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे. निसर्गाने त्याला स्वतःचे पांघरूण दिलेले आहे. हिवाळ्याआधी दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगावर दाट केस येतात. थंडी वाढली की हे केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा एक थर अडकतो. हा थर कोरडा असेपर्यंत, सवय झालेला, धडधाकट आणि पोटभर खाल्लेला घोडा शून्य अंशाखालची थंडीही सोसतो. शिवाय त्याच्या पोटात एक शेगडी पेटलेली असते. गवतातील तंतुमय भाग त्याच्या मोठ्या आतड्यात आंबत असताना सतत उष्णता निर्माण होते. तेव्हा आपण स्वेटर चढविला म्हणून घोड्यालाही तो हवा असेल, हे अनुमान बरोबर नाही.

परंतु पावसाने केस चपटे झाले आणि वर वारा सुटला, की तो हवेचा थर नाहीसा होतो. वसंतात तर अडचण दुहेरी असते. दिवस मोठे होऊ लागल्याने घोड्याने हिवाळी केस झाडायला सुरुवात केलेली असते. ते केस दिवसाच्या लांबीकडे पाहून झडतात. उद्या पाऊस येणार की ऊन पडणार, याची वाट ते पाहत नाहीत. त्यामुळे पाच-सात अंशांचा ओला, वादळी एप्रिल एखाद्या घोड्याला कोरड्या जानेवारीपेक्षा जड जाऊ शकतो. दिनदर्शिका ‘वसंत’ म्हणते म्हणून झूल काढून ठेवणारा आणि स्वतः कुडकुडतो म्हणून झूल चढविणारा, दोघेही घोड्याकडे न पाहताच निर्णय घेत असतात.

जास्त मायेने होणारे नुकसान चटकन ध्यानात येत नाही. झुलीखाली केस दबतात आणि त्यांची उभे राहण्याची शक्ती वाया जाते. दुपारी ऊन पडले की घोडा आत घामाघूम होतो, आणि झुलीचा पट्टा त्याला स्वतःला सोडविता येत नाही. पाणी झिरपू देणारी झूल रात्रभर ओल्या फडक्यासारखी पाठीवर पडून राहते. खांद्याला घासून कातडे सोलवटते. आठवडाभर झूल न काढल्यास तिच्याखाली फासळ्या दिसू लागल्या आहेत किंवा त्वचेवर खपल्या धरल्या आहेत, हे मालकाच्या ध्यानीमनीही येत नाही. जे झाकले, ते पाहायचे राहून गेले.

याच्या उलट टोकाला दुसरी चूक आहे. ‘जनावर आहे, निसर्ग त्याचे पाहून घेईल,’ असे म्हणून अंग काढून घेणे फार सोपे असते. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि थंड वारा एकत्र आले, तेव्हा पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत उघड्यावर बसविलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. हिमालयातल्यासारखी थंडी काही तेथे पडली नव्हती. लोकर भिजली, वारा सुटला, आडोसा मिळाला नाही, एवढेच पुरे झाले. धनगराच्या खांद्यावर एक घोंगडी असते. ती शेकडो मेंढ्यांना कशी पुरणार? त्याला दोष देण्यापूर्वी आपण हे ध्यानात घेतले पाहिजे की कर्तव्य हे सामर्थ्याच्या मापानेही मोजावे लागते. ज्याच्यापाशी तबेला, गवताची गंजी आणि खुंटीवर झूल आहे, त्याने निसर्गाचे नाव पुढे करणे, आणि ज्याच्यापाशी आभाळाखेरीज छप्पर नाही त्याने हतबल होणे, या दोन सारख्या गोष्टी नव्हेत.

मोकळा घोडा वाऱ्याकडे पाठ करतो, कळपात अंग चोरून उभा राहतो, झाडांच्या आड जातो, चालून-धावून अंग गरम करतो, रात्रभर चरत राहतो. आपण त्याला कुंपणात घातले, खुंट्याला बांधले, कामात घाम लवकर सुकावा म्हणून त्याचे केस कातरले, त्याला कळपातून वेगळे केले. म्हणजेच त्याचे उपाय आपण एकेक करून काढून घेतले. माझ्या मते या साऱ्या विषयातील नैतिक सूत्र हेच आहे : जेवढे आपण काढून घेतले, तेवढे परत देण्यास आपण बांधलेले आहोत. केस कातरले असतील तर झूल देणे ही दया नव्हे, ती परतफेड आहे. आडोसा काढून घेतला असेल तर आडोसा द्यावा लागेल. आणि ज्याच्यापासून काहीच काढून घेतलेले नाही, जो धष्टपुष्ट आहे, कळपात आहे, ज्याच्यापुढे गवत आणि मागे झाडांची रांग आहे, त्याला तसेच राहू देणे हाही त्याचा मान राखणेच होय.

घोड्याचा पावसाळा कसा काढावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. वज्रेश्वरीचे मंदिर १७३९ च्या ज्या वसई मोहिमेशी निगडित आहे, त्या काळातील मराठी फौजेचे बळ घोड्यांवर होते. पावसाळ्यात फौजा छावणीला बसत आणि दसऱ्यानंतर पुन्हा बाहेर पडत. त्याआधी, १६७३ साली, शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे मुक्कामाला असलेल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पुढे सारा पावसाळा आहे, तेव्हा जमविलेला दाणा आणि वैरण जपून, हिशेबाने वापरा. आताच उधळाल तर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्यांना तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून चुली आणि दिवे सांभाळा, वैरणीसाठी रयतेला त्रास देऊ नका, अशीही ताकीद त्यात आहे. राजाला झुलीची काळजी वाटत नव्हती. त्याला भाद्रपदातल्या गवताची काळजी वाटत होती. घोड्याच्या पोटातील शेगडीविषयी आज जे शास्त्र सांगते, त्याच्याशी हा व्यवहार किती जुळतो! ओल्या रात्री घोड्यापुढे टाकलेली वैरणीची जादा पेंढी अनेकदा झुलीहून अधिक ऊब देते. परंतु ती वैरण चार महिने आधी साठवावी लागते. झूल घालणारी दया त्या संध्याकाळपुरती असते. वैरण साठविणारी दया मात्र आधीपासून जागी असावी लागते.

दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्याच्याशी वागावे, हा नियम आपण लहानपणापासून शिकलो आहोत. घोड्याच्या बाबतीत तो लागू पडत नाही का? पडतो, पण तो नीट समजून घेतला तरच. मला थंडीत गोधडी आवडते म्हणून घोड्यालाही गोधडी, हा त्या नियमाचा अर्थ नव्हे. मला जे हवे असते ते हे, की समोरच्याने माझी गरज ओळखावी, स्वतःची माझ्यावर लादू नये. नीतिसूत्रांच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, नीतिमान मनुष्य आणि त्याचे जनावर यांच्याविषयी एक वचन आहे. अनेक भाषांतरांत तेथे काळजी घेण्याचा किंवा दयेचा उल्लेख येतो. मूळ हिब्रू क्रियापद मात्र ‘जाणणे’ या अर्थाचे आहे. म्हणजे जाणणे आधी, आणि दया त्यातून उगवते. संत मार्टिनने कडाक्याच्या हिवाळ्यात आपल्या झग्याचे दोन तुकडे केले व एक भिकाऱ्याला दिला. चित्रकारांनी त्याला बहुधा घोड्यावर बसवलेले आहे. त्या चित्रांत झगा घोड्याच्या पाठीवर जात नाही. ज्याचे अंग उघडे आहे त्याच्याकडे जातो. संताने आधी पाहिले, मग तलवार उपसली.

परंतु मुक्या प्राण्याचे मन जाणायचे कसे? येथे नॉर्वेतील एका अभ्यासाची आठवण होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३ घोड्यांना तीन पांढऱ्या फळ्या ओळखायला शिकविण्यात आले. एका फळीवरच्या आडव्या पट्टीचा अर्थ ‘झूल घाला’, दुसरीवरच्या उभ्या पट्टीचा ‘झूल काढा’, आणि कोऱ्या फळीचा ‘आहे तसेच राहू द्या’. रोज दहा-पंधरा मिनिटांच्या शिकवणीने दोन आठवड्यांच्या आत सर्व घोडे नाकाने योग्य फळीला स्पर्श करून आपली इच्छा सांगू लागले. ऊबदार, कोरड्या दिवशी ते झूल काढायला सांगत. पाऊस, वारा आणि थंडी एकत्र आली की झूल मागत. सगळ्यांचे उत्तर नेहमी एकच नसे. हजारो वर्षे आपण घोड्याच्या पाठीवर बसलो, पण ‘तुला काय हवे?’ असे त्याला विचारून पाहावे, हे सुचायला इतका काळ जावा लागला.

प्रत्येकाला अशा फळ्या लावणे शक्य नाही. तरी घोडा विचारल्याशिवायही पुष्कळ सांगत असतो. तो थरथरतो आहे का, शेपटी आवळून, मान खाली घालून कोपऱ्यात उभा आहे का, हे दिसते. झुलीखाली खांद्यामागे हात घातला तर आत घाम आहे की गारवा, ते कळते. केवळ कान थंड लागले म्हणून घोडा गारठला असे नव्हे. बोटांनी फासळ्या चाचपल्या की तो खंगला आहे का, हे समजते. म्हातारा, हाडकुळा, आजारी, केस कातरलेला घोडा किंवा लहान शिंगरू असेल तर ओल्या, वाऱ्याच्या रात्री पाणी न झिरपणारी झूल घालावी आणि सकाळी आठवणीने काढावी. धडधाकट घोड्याला आधी वैरण, मग आडोसा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच झूल.

आपल्याकडे हाच प्रश्न उलटा होऊन येतो. लग्नसराईत वैशाखाच्या उकाड्यात वरातीच्या घोडीवर जरीची मखमली झूल चढविली जाते. बँड, फटाके, दिव्यांचा झगमगाट आणि खाली घामाने निथळणारी घोडी. ती झूल कोणाच्या सुखासाठी असते? खासगी मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात घोड्यावर बसून फिरायला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजण खोगिराखालची पाठ पाहतात? घोडेवाल्याचे पोट त्या घोड्यावर आहे, आणि त्याची वैरण आपण दिलेल्या भाड्यातून येते. घासाघीस करून भाडे पाडून घेणारा प्रवासी त्या घोड्याच्या तोंडची पेंढी कमी करीत असतो, हे सत्य कडू असले तरी नाकारता येणार नाही. तेव्हा मोतद्दाराला उपदेश करण्यापूर्वी आपण आपल्या खिशाकडेही पाहिले पाहिजे.

जाणून दया करण्याची ही सवय तबेल्यापुरती राहत नाही. अंथरुणाला खिळलेले आजोबा उकडते म्हणून पांघरूण बाजूला सारतात आणि आपण ते पुन्हा गळ्यापर्यंत ओढून देतो. बोलता न येणाऱ्या तान्ह्याला आपल्याला वाजणाऱ्या थंडीच्या मापाने टोपरे चढवितो. त्या वेळी आपले प्रेम खोटे नसते, पण ते घाईत असते. एक क्षण थांबून त्यांच्या पाठीला हात लावून पाहावा. हात गार लागला तर पांघरूण घालावे, घाम लागला तर काढावे, आणि उद्या पुन्हा नव्याने पाहावे. कारण कालचे उत्तर आजच्या हवेला पुरेल, याची खात्री कोणी दिलेली नाही.