कौल लावण्याआधी

चि. बाळ,

तुझं पत्र पोचलं. बाग विकावी की नाही, यासाठी ‘मामा, तुम्हीच देवळात कौल लावा आणि फोन करून कळवा’ असं लिहिलंयस. असं नाही चालत रे. ज्याचं गाऱ्हाणं, त्यानेच देवासमोर उभं राहायचं.

लहानपणी तू हे पाहिलेलं आहेस. गुरव पाषाणाला ओले कळे नाहीतर पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घातलं जातं, बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात आणि मग सगळे वाट पाहत बसतात. उजवीकडचा कळा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. देव बोलतो ते एवढंच. बाकीचं सगळं आपल्यालाच बोलावं लागतं, तेही चारचौघांत, मोठ्याने. माझ्या मते निम्मा निवाडा तिथेच होऊन जातो. ‘बाग विकू का?’ एवढ्याने गाऱ्हाणं होत नाही. कोणाला विकतोस, हिस्सेदार किती, आईला विचारलंस का, पैसे आल्यावर त्यांचं काय करणार, हे सगळं मानकऱ्यांसमोर सांगताना जीभ कुठे अडखळते ते बघ. अडखळेल तिथे थांब आणि आधी त्याचा विचार कर.

आचऱ्याची गावपळण तुला ठाऊक आहे. अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत काढतो. परत कधी यायचं ते रामेश्वराचा कौल ठरवतो. नाही मिळाला तर मुक्काम वाढला. नोकऱ्या, दुकानं, बँकेची कामं त्यांनाही असतात, तरी कोणी कुरकुरत घरी जात नाही. नकार ऐकायची एवढी तयारी असेल, तरच विचारण्यात अर्थ आहे. डावा कौल झाला म्हणून दुसऱ्या देवळात जाऊन पुन्हा कळे लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना विचारायचं नसतंच, नुसता शिक्का हवा असतो.

तू कॉन्व्हेंटात शिकलास, म्हणून तिकडचंही एक सांगतो. जुन्या गोव्यात बॉम जेझूला ज्यांचं शव आहे, त्या सेंट झेवियरचे सोबती इग्नेशियस लॉयोला. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांना शूर सरदारांच्या कथा वाचायच्या होत्या, पण घरात होती ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. मग दिवसभर कधी पराक्रमाची स्वप्नं, कधी संतांचे विचार. गोडी दोन्हींत होती. फरक नंतर कळायचा. पराक्रमाची स्वप्नं सरली की मन कोरडं पडायचं, संतांचे विचार गेले तरी समाधान मागे उरायचं. निर्णयाच्या वेळी मनातला कोणता आवाज देवाचा, हे ओळखायची त्यांची सगळी रीत इथून निघाली. पुढे लिहिलेल्या साधनेच्या पुस्तकात ते सांगतात की मन उदास, काळवंडलेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये. आपल्याच अडचणीत एखादा अनोळखी माणूस सल्ला मागायला आला, तर त्याला काय सांगू, असंही स्वतःला विचारावं. मला यातलं सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. पुष्कळ माणसं आधी आपल्याला हवं ते ठरवून टाकतात आणि मग देवाने आपल्यामागून यावं अशी अपेक्षा धरतात, असं त्यांचं म्हणणं आहे.

हे सगळं एवढं लांबण लावून लिहिण्याचं कारण, तू विसार घेतला आहेस. पत्रात ते नाही, पण गावात या गोष्टी लपत नाहीत. व्यवहार चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. कलमं म्हातारी झालीत, फवारणीचा खर्च निघत नाही, राखणीला माणूस मिळत नाही. विकण्याच्या बाजूने बोलायला मीही बसेन. पण खिशात विसार ठेवून उजवा कौल मागायचा, हे मला देवासमोर बोलता येणार नाही.

तर पैसे आधी परत कर. गिऱ्हाईक खरं असेल तर महिनाभर थांबेल. आईला सगळं स्पष्ट सांग, धाकट्यालाही फोन कर. मग सवडीने ये, पण सकाळच्या पूजेआधी पोच. गुरवाशी मी बोलून ठेवतो. गाऱ्हाणं काय घालायचं ते कागदावर लिहून आण, आदल्या रात्री आपण दोघं वाचू.

तुझा,
मामा