मापाने दिलेला प्रकाश

शास्त्रपाठ : मलाखी 4:2, लेवीय 13:38-39, मार्क 1:40-42



मलाखी संदेष्ट्याने देवाचे भय धरणाऱ्यांस सूर्योदयाचे अभिवचन दिले व त्या सूर्याशी आरोग्याची सांगड घातली. बावचीचे बी लावून कोडावर ऊन घेण्याचा उपाय आपल्या देशात फार जुना आहे. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज डॉक्टर कोड व सोरायसिस यांवर सुमारे 311 नॅनोमीटरचे अतिनील किरण देतात.

हा प्रकाश मापून, डोळे झाकून, आठवड्यातून दोन-तीन वेळा, कित्येक महिने घ्यावा लागतो. मनानेच बावची चोळून कडक उन्हात बसणाऱ्यास फोड येतात. गुण येतो तोही एकदम नाही. केसांच्या मुळांशी रंगाच्या पेशी शिल्लक असतात. तेथे बारीक ठिपके उमटतात व हळूहळू एकमेकांस मिळतात. चेहऱ्यावर पुष्कळदा चांगला गुण येतो, बोटांच्या टोकांवर थोडाच.

आणि नेमकी हीच बोटे प्रभुभोजनाच्या भाकरीकडे पुढे होतात. तेव्हा शेजारचा अंग चोरतो काय?

सुरतेत उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. लूमवर पाळी करणाऱ्याला दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. घरात मुलगी उपवर असली तर डाग झाकण्याकडेच लक्ष; उपचार मागे पडतो.

बंधूंनो, कोड स्पर्शाने लागत नाही. अंगावर निस्तेज पांढरे डाग असलेल्या मनुष्यास मोशेच्या नियमशास्त्रानेही शुद्धच ठरविले. आणि ज्याला ते अशुद्ध म्हणत होते, त्या कुष्ठरोग्यालाही प्रभूने हात लावला. क्रम पाहा : आधी स्पर्श, मग शब्द, मग आरोग्य. आपण मात्र आधी आरोग्य मागतो व स्पर्श राखून ठेवतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, कुष्ठरोग्याचा धडा शिकविताना वर्गाच्या नजरा कोड असलेल्या मुलाकडे वळतात. पापाची उपमा त्याच्या कातडीवर बसवू नका. त्याला आपल्याजवळ बसवा.

मंडळीने दवाखान्याला सोबत द्यावी, बुडालेल्या मजुरीला हातभार लावावा. आणि जो डाग जाणार नाही, त्याच्यासह त्या भावाला, त्या बहिणीला आपले म्हणावे. तेवढा प्रकाश आपल्या हाती आहे. तो देण्यास प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.